निसर्ग देतो, मग अडते कोठे?

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या संयोजकांनी मला जो विषय नेमून दिला आहे तो वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. निसर्ग माणसाच्या गरजा कशा भागवतो, हे मुलांना कसे शिकवावे, एवढाच प्रश्न. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात या विषयावरचा एखादा धडा सापडतोच. त्यात एक चित्र असते. वर सूर्य, मध्ये डोंगर, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झाड, झाडाखाली गाय. चित्राखाली वाक्ये असतात: निसर्ग आपल्याला हवा देतो, पाणी देतो, अन्न देतो, लाकूड देतो, औषधे देतो. शेवटी ‘गाळलेल्या जागा भरा’. मुले त्या बिनचूक भरतात, कारण भरावयाचा शब्द आधीच्याच पानावर जाड ठशात छापलेला असतो.

या धड्यातील एकही वाक्य खोटे नाही. तरीही ती सारी वाक्ये एकत्र वाचली की मुलाच्या मनात उभे राहणारे चित्र मात्र खोटे असते. असे का होते, याविषयी आज मला बोलावयाचे आहे. त्यासाठी या वाक्यांतल्या क्रियापदाकडे जरा निरखून पाहू. ते क्रियापद आहे ‘देतो’.

आपण सर्वांनी लहानपणी गाईवर निबंध लिहिला आहे आणि त्यात ‘गाय आपल्याला दूध देते’ हे वाक्य लिहून गुण मिळवले आहेत. वस्तुतः गाय दूध देते ते तिच्या वासराला. आपण वासराला बाजूला बांधतो आणि ते काढून घेतो. त्यासाठी कोणीतरी पहाटे चारला उठते, वैरण घालते, शेणगोठा करते, धार काढते. ते दूध डेअरीवर पोचवणारा निराळा, तेथून शहरात आणणारा निराळा, दारात पिशवी टाकणारा मुलगा निराळा. हा सारा व्यवहार ‘देते’ या दोन अक्षरी शब्दाने एका घोटात गिळून टाकला आहे. गाय कर्ता झाली, आपण लाभार्थी झालो आणि गोठ्यात राबणारी बाई वाक्यातून नाहीशी झाली. व्याकरणात याला दोष म्हणत नाहीत. समाजव्यवहारात म्हणावयास हवे.

याचा अर्थ निसर्गाचा वाटा लहान आहे असा कृपया काढू नका. माझी तक्रार अशी की या धड्यात माणसाचे श्रम जसे दिसत नाहीत तसा निसर्गही दिसत नाही. निसर्ग डाळ देतो, म्हणजे नेमके काय करतो? भुईमुगाचे, तुरीचे किंवा हरभऱ्याचे एखादे रोप मुलांना हलक्या हाताने मुळासकट उपटून आणावयास सांगा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांतली एखादी नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. तो दिसला म्हणजे समजावे की गाठीचे काम चालू आहे. त्या गाठीत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू राहतात. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे, पण कोणतेही पीक तो थेट हवेतून घेऊ शकत नाही. हे जीवाणू त्याचे पिकाला पचेल असे रूप करतात आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेतात. पानावर छापलेल्या शंभर ‘देतो’पेक्षा नखाने फोडलेली ही एक गाठ मुलाला अधिक शिकवते. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारता येतो. ज्वारीच्या शेतात मधूनमधून तुरीच्या ओळी घालण्याची पद्धत कोणी पाडली? सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी, शेकडो वर्षांच्या पाहणीतून. म्हणजे निसर्गाच्या कामाची ओळख पटवणारी पहिली माणसे प्रयोगशाळेत नव्हती, शेतात होती. आणि त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

आता पाण्याकडे वळतो. कारण हा विषय पाण्यात जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे कोठेही दिसत नाही.

मुंबईतल्या एखाद्या शाळेत ‘पाणी कोठून येते?’ असे विचारा. पहिले उत्तर ‘नळातून’ असे येईल. त्यावर हसण्याचे कारण नाही, ते अनुभवाचे उत्तर आहे. हुशार मुले ‘ढगांतून’ म्हणतील. नळ आणि ढग यांच्या मध्ये जे आहे ते मात्र त्यांना ठाऊक नसते, आणि खरा धडा नेमका त्या मधल्या जागेत आहे. मुंबईला पाणी पुरवणारे सात जलाशय आहेत. विहार १८६० मधला, तुळशी १८७९ मधला. हे दोन शहराच्या हद्दीतच आहेत. पण त्यांचा वाटा आता अगदी किरकोळ उरला आहे. तानसा १८९२ चा. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ चा, त्याला ना. वि. मोडक या अभियंत्याचे नाव दिलेले आहे. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा. शहराला रोज मिळणारे पाणी सुमारे ३८५ कोटी लिटर. त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचे. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. वैतरणेवरची धरणे त्याच डोंगराळ, आदिवासी मुलुखाच्या आश्रयाने उभी आहेत.

या मुलुखात पाऊस थोडाथोडका पडत नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. निसर्गाने हात आखडता घेतला असे म्हणण्यास कोणालाही जागा नाही. आणि तरीही दरवर्षी चैत्र-वैशाखात याच शहापूर तालुक्यातल्या गावांना आणि पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. धरणाची भिंत जेथून दिसते अशा पाड्यांवरच्या बायका आणि मुली डोक्यावर हंडे घेऊन कोरड्या ओहोळातले झरे उकरत असतात. हे वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यात छायाचित्रासह छापून येते. इतक्या नेमाने छापून येते, की आता ती बातमी राहिलेली नसून ऋतूचे वर्णन झाले आहे.

हे असे का होते, याचे एक उत्तर भूगोलाचे आहे आणि तेही मुलांना सांगावयास हवे. हा सगळा काळ्या पाषाणाचा प्रदेश. तीव्र उतार, वर मातीचा पातळ थर, खाली अखंड कातळ. पाणी मुरते ते कातळाच्या भेगांत, आणि भेगांत मावून मावणार किती? चार महिने कोसळलेले पाणी उतारावरून धावत सुटते आणि माघ सरता सरता विहिरींचे तळ दिसू लागतात. म्हणून येथे पाणी अडवले पाहिजे, साठवले पाहिजे. पण मित्रहो, ते अडवलेले आहेच! प्रचंड भिंती घालून, डोंगरांचे पोट फोडून अडवलेले आहे. तेव्हा भूगोलाचे उत्तर येथे संपते आणि दुसऱ्या उत्तराला सुरुवात होते. जमीन बुडाली ती येथल्या माणसांची, पाणी गेले ते जलवाहिनीतून खाली, आणि जलवाहिनीला वाटेत तोंडे किती ठेवावयाची हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्यापाशी होता त्यांत हंडे वाहणारी बाई नव्हती.

जलवाहिनी मुंबईत पोचली म्हणजे तरी सारे सारखे होते काय? वर्षानुवर्षे महापालिकेच्या हिशेबात इमारतीत राहणाऱ्या माणसाला रोजचे १३५ ते १५० लिटर पाणी धरलेले असे आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर. तहान तीच, अंग तेवढेच, मैला मात्र झोपडीतल्या माणसालाच अधिक लागतो, कारण तो अधिक घामाची कामे करतो. ज्यांची वस्ती कागदोपत्री अनधिकृत होती त्यांना तर हे ४५ लिटरही हक्काने मिळत नसत. पाणी हक्क समितीने याविरुद्ध दाद मागितली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की घर अनधिकृत आहे एवढ्या कारणाने माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ असे धोरण जाहीर केले. ‘निसर्ग आपल्याला पाणी देतो’ असे सांगणाऱ्या पुस्तकाच्या देशात निसर्गाने दिलेले पाणी माणसाला मिळावे म्हणून न्यायालयात जावे लागते, ही गोष्ट मुलांपासून लपवून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

आणि महाराष्ट्रात तर हा धडा शिकवण्यासाठी इतका दूरचा दाखला घेण्याचीही आवश्यकता नाही. महाडचे चवदार तळे कोणी भरले होते? पावसाने आणि झऱ्यांनी. त्या पाण्याला जात नव्हती. गुरे ते पाणी पीत होती. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असे मुंबई विधिमंडळाने ठरवले, दुसऱ्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंच्या समुदायासह जाऊन त्या पाण्याची ओंजळ उचलावी लागली. त्यानंतर त्या माणसांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, दावे झाले आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. पावसाला तळे भरण्यास एक पावसाळा पुरतो. माणसाला त्या तळ्यापर्यंत पोचण्यास दहा वर्षे कज्जा लढावा लागला. आपल्या पाठ्यक्रमात महाडचा सत्याग्रह इतिहासात येतो आणि पाणी परिसर अभ्यासात येते. दोन्ही धड्यांची भेट होऊ नये अशी खबरदारी कोणी मुद्दाम घेतली आहे असे मी म्हणत नाही. पण भेट होत नाही, एवढे खरे.

मिठाचेही तसेच. समुद्र मीठ देतो हे वाक्य तर निखालस चूक आहे. समुद्र खारे पाणी देतो. मीठ देतो तो मिठागरात उन्हातान्हात अनवाणी राबणारा माणूस. आणि त्या मिठावर सरकारचा हक्क आहे असे ठरले तेव्हा १९३० मध्ये दांडीला, वडाळ्याला आणि आपल्या कोकणात शिरोड्याला लोकांनी काय केले, हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

गवताची गोष्ट मात्र थोडी विस्ताराने सांगतो. कारण गवत ही पुस्तकात सर्वांत फुकट मानलेली वस्तू. ते पेरावे लागत नाही, खुरपावे लागत नाही. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात ते पुरुषभर उंच माजते. एके काळी हे गवत कापून, वाळवून, गठ्ठे बांधून मुंबईच्या बाजारात जात असे. कुरणे सावकार-जमीनदारांची, आणि कापणारे वारली. वारल्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी कर्जात गेलेल्या, लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी पिढ्यान्‌पिढ्या वेठ चाललेली. १९४५ मध्ये किसान सभेच्या आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने या माणसांनी वेठ नाकारली आणि त्याच सालच्या ऑक्टोबरात गवतकापणीला योग्य मजुरी मिळाल्याशिवाय विळा हाती धरणार नाही असे ठरवले. त्यावर गोळीबार झाला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. आमच्यापैकी अनेकांचे परुळेकरांच्या पक्षाशी मतभेद होते, आजही आहेत. परंतु निसर्गाने फुकट दिलेले गवत आणि माणसाने विकत घेतलेले गवत यांच्यामध्ये काय काय उभे असते, हे इतक्या रोखठोकपणे मराठीत फार थोड्यांनी सांगितले आहे.

त्याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम उभे केले. तेथे एक प्रयोग झाला त्याचे नाव ‘कुरणशाळा’. आदिवासींची मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखीत होती. इतर कोणीही असे म्हटले असते की पालक अडाणी आहेत, मुलांना शाळेत पाठवीत नाहीत. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, पाने, बिया, दगड, पक्षी हीच त्यांची पाटी-पुस्तके. या प्रयोगाचे कौतुक आपण पुष्कळ केले. अनुकरण मात्र फारसे केले नाही.

कुरणातल्या त्या मुलाला निसर्ग काय देतो हे आपण शिकवावयाचे, ही कल्पनाच मुळात गमतीची आहे. मोहाची फुले कोणत्या प्रहरी गळतात, ती वेचून किती दिवस वाळवावयाची, बियांचे तेल कसे काढावयाचे हे त्याला ठाऊक असते. कडूकंद तसाच खाल्ला तर बाधतो. तो चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यातला विषार घालवावा लागतो, हे त्याच्या आईने त्याला दाखवलेले असते. असे मूल शाळेत आले की आपण त्याला ‘झाडांचे पाच उपयोग लिहा’ असा प्रश्न घालतो आणि त्याने पुस्तकातली पाच वाक्ये लिहिली नाहीत म्हणून त्याला नापास, किंवा जेथे नापास करता येत नाही तेथे ‘अप्रगत’, ठरवतो. शिवाय हेही त्याला ठाऊक असते की याच रानातला बांबू त्याच्या बापाने तोडला तर गुन्हा ठरत असे आणि कारखान्याच्या कंत्राटदाराने तोडला तर उत्पादन ठरत असे. २००६ चा वनहक्क कायदा झाला, २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तरी बांबू विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती पडावयास २०११ उजाडावे लागले. जंगल, बांबू, ग्रामसभा, कायदा या चार गोष्टी मेंढ्याच्या मुलाला एकाच वेळी समजतात. आपण त्यांचे तीन विषय आणि चार तासिका करतो.

असे शिक्षण या देशात कोणी केलेच नाही, असे मात्र नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ मध्ये विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी शेतात जावे, मोजावे, उकरावे, शंका विचाराव्यात, आणि उत्तर पुस्तकात नव्हे तर आपल्या निरीक्षणात शोधावे, अशी त्याची रीत. पुढे ‘एकलव्य’ने तो हजाराच्या आसपास सरकारी शाळांपर्यंत नेला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. त्यानंतर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावर आधारलेली परिसर अभ्यासाची पुस्तके दिल्लीहून निघाली. पाचवीच्या पुस्तकात एका धड्याचे शीर्षकच मुळी ‘जंगले कोणाची?’ असे होते. सरकारी पुस्तकाने मुलाला असा प्रश्न विचारावा, ही काही लहान गोष्ट नव्हती. तीही पुस्तके आता वर्गांतून गेली आहेत. २०२४ पासून इयत्तेमागून इयत्ता त्यांच्या जागी नवी पुस्तके आली. ती कशी आहेत ते आपण वापरून ठरवालच. मला एवढेच सांगावयाचे आहे की असे प्रश्न पुस्तकात फार काळ टिकत नाहीत. ते शिक्षकाच्या तोंडी टिकले तर टिकतात.

याउलट जे टिकले आहे ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण शाळाशाळांतून सक्तीचे करावयास सांगितले. हेतू उत्तम होता. त्याचे आपण काय केले? घोषवाक्यांच्या स्पर्धा, प्रभातफेऱ्या आणि बाजारात तयार मिळणाऱ्या प्रकल्पवह्या. ‘पाणी वाचवा, नळ बंद करा’ हे वाक्य ज्या भिंतीवर रंगवले आहे त्या शाळेत नळच नाही, आणि ते वाक्य वाचणारी मुलगी सकाळी दोन खेपा करून शाळेत आलेली आहे. तिने आणखी काय वाचवावे अशी आपली अपेक्षा आहे? जो वापरतो त्याला आणि ज्याला मिळतच नाही त्याला एकच उपदेश करणे याला समता म्हणत नाहीत.

आता एक आक्षेप मला दिसतो आहे, कारण समोरच्या दोन-तीन चेहऱ्यांवर तो उमटला आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या कोवळ्या मनात हे राजकारण कशाला? त्यांना झाडे, फुले, फुलपाखरे यांचा निर्भेळ आनंद घेऊ द्यावा की नाही? त्यांच्या मनात कटुता भरावी काय?

आनंद अवश्य घेऊ द्यावा. ज्याने कधी ओढ्यात पाय सोडून बसण्याचे सुख घेतलेले नाही त्याला ओढा आटल्याचे दुःखही होणार नाही. पण कटुतेचा मुद्दा मला पटत नाही. वर्गात खाऊ वाटताना एखाद्याला अर्धा लाडू कमी गेला तर सारा वर्ग ओरडतो की नाही? ‘बाई, याला कमी दिला!’ न्यायबुद्धी मुलांत आपण घालावी लागत नाही, ती असतेच. शाळा संपेपर्यंत ती मरू नये, एवढेच आपण पाहावयाचे. आणि राजकारणाबद्दल म्हणाल, तर ‘निसर्ग सर्वांना सर्व काही देतो’ हे वाक्यही राजकारणच आहे. ज्याला मिळालेले नाही त्याला ते वाक्य असे सुचवते की दोष त्याचा किंवा त्याच्या नशिबाचा. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर वाहत येऊन शेताला खत कसा होतो हेही सांगितले आणि सरकारच्या जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुरांची चराई कशी हिरावून घेतली हेही सांगितले. एकाच प्रकरणाच्या ओघात. निसर्गाचे ज्ञान आणि अन्यायाचे ज्ञान ही त्यांना निराळी खाती वाटली नाहीत.

तेव्हा वर्गात प्रत्यक्ष काय करावे, याबद्दल दोन-चार गोष्टी सुचवून थांबतो. आपण माझ्यापेक्षा अनुभवी आहात, त्यात हवी ती भर घालावी.

गणितापासून आरंभ करा. एका हौदाला दोन नळ आहेत, एकाने तो भरतो आणि दुसऱ्याने रिकामा होतो, हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तो हौद कोणाचा आणि दुसऱ्या नळाचे पाणी जाते कोठे, हे आजवर कोणी विचारलेले नाही. त्याऐवजी असे उदाहरण घाला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मोहिमेत खेड्यातल्या माणसामागे रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. घरात पाच माणसे. हंडा पंधरा लिटरचा. खेपा किती? मुले सांगतील, अठरा होऊन वर थोडे उरते. विहीर अर्धा किलोमीटर लांब असेल तर रोज चालणे किती? भरलेल्या हंड्याचे वजन किती? ते वजन तुमच्या घरात कोण उचलते? शेवटच्या प्रश्नाला वर्गातल्या मुलींकडे पाहू नका. मुलांकडे पाहा.

दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातले घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तेथे पाण्याची वाटणी जमिनीच्या मापाने नव्हे तर घरातल्या माणसांच्या संख्येने होई. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस लावावयाचा नाही. मुलांना गावाची काल्पनिक यादी द्या, कोणाकडे वीस एकर, कोणाकडे दोन, कोणाकडे काहीच नाही. आधी जमिनीप्रमाणे पाणी वाटावयास लावा, मग माणसांप्रमाणे. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि गप्प राहा. मुलेच बोलतील.

आणि शक्य असेल तेथे दोन शाळांची जोडी लावा. मुंबईतली महापालिकेची एक शाळा आणि शहापूर किंवा मोखाड्याकडची जिल्हा परिषदेची एक शाळा. मुलांनी एकमेकांना पत्रे लिहावीत. आमच्या नळाला इतक्या वाजता पाणी येते, आमच्या चाळीत त्यावरून अशी भांडणे होतात. आमच्या विहिरीला अमुक महिन्यापर्यंत पाणी असते, मग आम्ही तमुक ठिकाणी जातो. दोन्ही वर्गांनी मिळून एकच नकाशा काढावा. ढगापासून नळापर्यंतचा, मधली धरणे, बोगदे, भांडुपचे शुद्धीकरण केंद्र, टाक्या आणि वाटेतले पाडे, सर्व दाखवणारा. ज्या पाड्यावरून जलवाहिनी जाते पण जेथे पाणी उतरत नाही, तो कोणत्या खुणेने दाखवावा हे त्यांनाच ठरवू द्यावे.

भेटीची सहल मात्र श्रावणात काढू नये. श्रावणात तेथे सारे हिरवेगार असते, धबधबे कोसळत असतात, मुंबईची मुले भिजून, गाणी म्हणून परत येतील आणि वहीत लिहितील की निसर्ग आपल्याला भरपूर पाणी देतो. सहल एप्रिलात काढावी, परीक्षा आटोपल्यावर, आणि प्रत्येक मुलाने घरून पाण्याची बाटली भरून आणावी असे सांगावे. कारण तेथे मागावयाचे झाले तर ते कोणाच्या तरी हंड्यातून मागावे लागेल.